योगराज फिटरची गेमपेटी

माझा साडू योगराज याला अक्कल कमी आहे, हे मी त्याच्या लग्नापासून सांगत आलो आहे. त्याची बायको उज्ज्वला ही माझ्या सुमनची धाकटी बहीण. योगराज मुलगी बघायला अमळनेरला आला, तेव्हा पोह्यांची बशी बाजूला ठेवून त्याने कोपऱ्यातला बंद पडलेला टेबलफॅन खोलला आणि सगळ्यांदेखत चालू करून दाखवला. सासरे एवढे खूश झाले की पंखा फिरला म्हणून मुलगी देऊन टाकली. मी तेव्हाच सुमनला म्हणालो, हा माणूस जन्मभर स्क्रू फिरवणार. अठ्ठावीस वर्षं झाली. उधन्यात एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, तो फिटर आहे आणि अजून स्क्रूच फिरवतो आहे.

मीही त्याच खात्यात आहे, पण मी फिटर नाही. अठरा वर्षं मी संचे, म्हणजे माग, चालवले आणि आता तिथेच एका कोपऱ्यात ताके तपासतो. संच्यावरून उतरलेलं कापड माझ्या टेबलावरून सरकतं, काचेखाली ट्यूबलाइट लावलेली असते आणि मी दोष काढतो. तुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पडलेली पट्टी. माझ्या नजरेतून सुटलेला दोष व्यापाऱ्याने परत पाठवला, असं आजवर झालेलं नाही. दोष काढण्यावर माझं पोट चालतं. योगराजमधले दोष दिसायला तर ट्यूबलाइटही लागत नाही.

यंदा संक्रांतीनंतर एक दिवस उज्ज्वला आमच्याकडे आली आणि दारातच सुमनला म्हणाली, "अक्का, यासनी घरमा व्हिडिओ गेमनं मशीन बनावाले घेयेल शे."

"कोनासाठे?" सुमनने विचारलं.

"हर्षदासाठे. आखाजीले ती यी राह्यनी."

सुमन खाली बसली. मी मात्र हसलो, कारण चार वर्षांनी पोरगी घरी येणार तर बाप तिच्यासाठी खेळण्याचं खोकं ठोकतो, हे योगराजलाच सुचू शकतं. दुसऱ्या एखाद्या बापाने फोन उचलला असता. योगराज फोनही धरत नाही. नेटवर्क नाही म्हणतो आणि बायकोच्या हातात देतो.

हर्षदा ही त्यांची एकुलती एक मुलगी. हुशार होती, ते मी नाकारत नाही. रिंग रोडवरच्या एका ऑफिसात साडीवरच्या भरतकामाची डिझाइनं कॉम्प्युटरवर बनवायची. तिथेच भूपेंद्र नावाचा एक मुलगा भेटला, जातीतला नाही, भाषेतला नाही. चार वर्षांपूर्वी त्याच्याशी लग्न करून ती कतारगामला राहायला गेली. पाऊण तासाचा रस्ता, पण इकडे एकदाही फिरकली नाही.

ती गेली तेव्हा मी तिथे होतो. सुमन आणि उज्ज्वला दोघी भावाच्या घरभरणीला अमळनेरला गेल्या होत्या आणि मी जेवायला योगराजकडे जात होतो. आई गावाला गेल्यावर पोरीने एका जेवणात बापासमोर बसून सगळं सांगून टाकलं. बाप ताटात बघत राहिला, हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. चौथ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं साडू दाराकडे पाठ करून टीव्हीसमोर चहा पीत बसलो होतो. ती बॅग घेऊन आतून आली आणि आमच्या मागून दाराकडे गेली, एवढं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. थोड्या वेळाने मी वळलो तर दार सताड उघडं आणि तिची चप्पल जागेवर नव्हती.

आपल्यात माणूस घरातून निघताना 'येते' म्हणतो. 'जाते' कोणी म्हणत नाही. घरातलं मोठं माणूस त्यावर 'ये' म्हणतं, मग पाय बाहेर पडतो. परक्याच्या घरून ताक मागून निघालेली बाईसुद्धा एवढं म्हणते. या शिकलेल्या पोरीने सख्ख्या बापाला तेवढंही म्हटलं नाही.

हे मी सगळ्यांना सांगितलं. सुमनला सांगितलं, उज्ज्वलाला सांगितलं, अमळनेरला फोन करून मेहुण्याला सांगितलं. नंतर ज्या लग्नाला गेलो आणि ज्या बारशाला गेलो तिथे सांगितलं. एक शब्द न बोलता गेली. योगराजला कोणी विचारलं तर तो माझ्याकडे बघायचा आणि मी सांगायचो. उज्ज्वला पोरीशी चोरून फोनवर बोलायची. एकदा तिने विचारलंही, तू अशी कशी गं गेलीस? पोरगी म्हणाली, पप्पांना विचार. पप्पांना विचारलं तर ते पुन्हा माझ्याकडे बघणार. असं ते चार वर्षं चाललं.

यंदा उज्ज्वलाने फोनवर रडून रडून तिला आखाजीला यायला राजी केलं. आखाजी म्हणजे आम्हा खानदेशी लोकांचा लेकींना माहेरी आणायचा सण. पोरगी म्हणाली, एकदा येते, एक दिवस. पप्पांच्या मनात काय आहे ते बघते आणि मग यायचं की नाही ते ठरवते. म्हणजे त्या एका दिवसावर सगळं होतं. उज्ज्वला त्या दिवसापासून उपास धरायला लागली आणि तिच्या नवऱ्याने करवत काढली.

आता व्हिडिओ गेमच का, तेही सांगतो, कारण त्यातही माझं नाव आहे. हर्षदा दहा वर्षांची होती तेव्हा आमच्या नाक्यावर पानवाल्याशेजारी पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आत दोन पेट्या, भिंतीला टेकवलेल्या. एक दिवस पाळीवरून परत येताना मी आत डोकावलो, तर सगळ्या टवाळ पोरांत ही एकटी मुलगी. दांडा उंच पडतो म्हणून पायाखाली वीट घेऊन उभी, आणि पोरं मागे उभी राहून तिचा खेळ बघताहेत. मी तडक जाऊन योगराजला सांगितलं. सांगायलाच हवं होतं. तो गेला आणि तिला वेणी धरून नाक्यासमोरून ओढत घरी घेऊन आला. ती ओरडली नाही, फक्त मागे वळून पेटीकडे बघत होती, कारण तिचा खेळ अजून चालू होता. त्या दिवसापासून योगराज त्या नाक्यावरून जात नाही, लांबच्या गल्लीने जातो. सोळा वर्षं हा माणूस वेड्यासारखा लांबून चालतो आहे.

मी बघायला गेलो तेव्हा पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या खात्यात चीनहून नवे संचे आले होते, त्यांच्या लाकडी खोक्यांच्या फळ्या याने उचलून आणल्या होत्या. त्यांवर काळ्या शाईत चिनी अक्षरं, आणि ती घासून काढायचीही तसदी घेतली नव्हती. दोन्ही बाजूंच्या फळ्या भेस्तानच्या एका सुताराकडून कापून आणलेल्या, वरून पुढे झुकलेल्या आणि पोटाशी आत गेलेल्या. टीव्ही सचिन गावातल्या भंगारवाल्याकडचा, जुना, पाठीला मोठं कुबड असलेला. तो ठेवायला याने लोखंडी अँगल लावला होता, जो दोन माणसं वर चढून नाचली तरी वाकला नसता. चार फळ्या पुरल्या असत्या. पण फिटरला फळीवर विश्वास नसतो.

"हाऊ काय धंदा मांडेल शे, साडूभाऊ?" मी म्हणालो.

तो तोंडात स्क्रू धरून बसला होता. त्याने ते काढून हातात घेतले. "आखाजीपावत व्हई जाई," म्हणाला.

"माफी मांगनी शे ते तोंड शे ना तुम्हले?"

त्याने स्क्रू परत तोंडात टाकले. तोंडाचा हाच उपयोग त्याला ठाऊक आहे.

दांडा त्याने विकत घेतला नाही. जुन्या लाकडी धोट्याचा तुकडा तासून मूठ केली आणि खाली संच्याची स्प्रिंग बसवली. ती एवढी कडक की मला दोन्ही हातांनी वाकवावी लागली. बटणांच्या आत त्याने लोखंडाच्या त्या बारीक पट्ट्या लावल्या, ज्या ताण्याचा धागा तुटला की खाली पडतात आणि संचा थांबवतात. बटण दाबलं की पट्टीला पट्टी लागते आणि करंट जातो. सबंध गावात बटणं तयार मिळतात, पण याला खात्यातली पट्टीच हवी. मी म्हणालो, तुमच्या घरात एक वस्तू तरी खात्यातली नाही अशी आहे का? त्याला ते कौतुक वाटलं.

खेळ ज्यात भरलेले असतात ती डबी आणायला आम्ही दोघं मेन रोडवर संदीप मोबाइलवाल्याकडे गेलो. मी यासाठी गेलो की याला कोणी फसवू नये. रस्त्यावर रिक्षांचा आणि टेम्पोंचा गोंगाट. संदीप डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून कुठलातरी मोबाइल डाकत होता. त्याने डबी पुढे सरकवली. तिला तीन वायरी होत्या, पिवळी, लाल आणि पांढरी. योगराजने विचारलं, कोणती कशाची? संदीपने पिवळी वर उचलून टीव्हीच्या काचेकडे बोट केलं. मग मान खाली घालूनच बाकीच्या दोन वायरींचं काहीतरी सांगितलं. योगराजने मान डोलावली. मीही डोलावली. दुकानदार जे सांगतात ते मान डोलावूनच ऐकायचं असतं, त्यात शिकण्यासारखं काही नसतं.

घरी येऊन पिवळी खोचली आणि टीव्हीवर चित्र आलं. लाल आणि पांढरी खोचायला भोकं होती, पण काम झालं होतं. योगराजने त्या दोन्हींना टेप गुंडाळली आणि आत मागे दुमडून ठेवल्या. जास्तीच्या असतील, मी म्हणालो. तोही हो म्हणाला.

मग त्याने त्यावर दिवे लावले. हे खात्याबाहेरच्या माणसाला समजणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे एकशे वीस संचे एकदम चालतात. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही, हातवारे करतात नाहीतर समोरच्याच्या ओठांकडे बघतात. नव्या संच्यांच्या डोक्यावर तर तीन दिव्यांचा खांबच असतो. हिरवा म्हणजे चालू, पिवळा म्हणजे बघा, लाल म्हणजे बंद. फिटर दिवा बघून धावतो. योगराजने मोडका एक खांब आणून पेटीच्या डोक्यावर बसवला. पेटी चालू झाली की हिरवा, बटण दाबलं की पिवळा, बंद केली की लाल. व्हिडिओ गेमच्या डोक्यावर संच्याचा दिवा. मी आयुष्यात एवढं हास्यास्पद काही पाहिलेलं नाही.

आखाजीच्या आधीच्या सुट्टीत त्याने खात्यातल्या चार-पाच जणांना बघायला बोलावलं. लक्ष्मण आला, तो आमच्याआधीपासून संच्यांवर आहे. परभणीकडचा श्रीरंग आला. सगळ्यांनी आळीपाळीने दांडा ओढला, पिवळा दिवा लागला की माना हलवल्या आणि अंगठे वर केले. श्रीरंग म्हणाला, "एकच नंबर काम हाय फिटर, काही कमी नाही यात." खात्यातल्या माणसांना काय, चार स्क्रू सरळ बसले की त्यांना देव भेटतो.

मी मात्र तपासली. ताका तपासतो तशी, वरपासून खालपर्यंत, टॉर्च घेऊन. आणि अकरा दोष काढले. उजवी फळी डावीपेक्षा सूतभर लांब. चिनी अक्षरं. दांड्याची स्प्रिंग कडक. रंग, जो त्याने खात्यातलाच हिरवा वापरला होता. मागचं दार उलट बाजूने उघडणारं. आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे उंची. पेटी बुटकी होती. मोठ्या माणसाला कंबरेत वाकावं लागत होतं.

"बुटकं व्हयनं हाई," मी म्हणालो. "पोर सव्वीस वरीसनी शे तुम्हनी."

योगराजने माझे ओठ बघितले आणि मग पेटीकडे पाहिलं. "तिले ईट लागाले नको," म्हणाला.

सगळ्यांसमोर मी त्याला सांगितलं की मोजमाप चुकलं असं सरळ कबूल करावं, विटेची कारणं देऊ नयेत. लक्ष्मणने डोळ्यांनी मला गप्प राहा म्हणून खुणावलं. मला वाईट वाटलं नाही. दोष काढणाऱ्यावर लोक चिडतातच.

आखाजीच्या दिवशी हर्षदा सकाळी दहाला आली, एकटी. भूपेंद्र तिला खाली सोडून गेला होता, संध्याकाळी घ्यायला येणार होता. चार वर्षांत पोरगी सुकली होती, की मला तसं वाटलं, कोण जाणे. उज्ज्वलाने तिला दारातच कवटाळलं. बाप भिंतीला टेकून उभा होता, नवा शर्ट घालून. तिने वाकून पाय धरले, त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. बोलले दोघंही नाहीत. मला मनातून बरं वाटलं, हे सांगून टाकतो. मी चार वर्षं सांगत होतो ते खरंच होतं, ही पोरगी बापाशी बोलत नाही.

जेवायला खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होता. उज्ज्वला वाढत होती आणि एकटीच बोलत होती. सुमन मधून मधून हो ला हो करत होती. पोरगी ताटात बघत होती आणि बाप तिच्या ताटात बघत होता. जेवणं झाली तशी ती घड्याळाकडे बघायला लागली. उज्ज्वलाचा चेहरा उतरला. दिवस निम्मा संपला होता आणि बापलेकीत एक वाक्य झालं नव्हतं.

तेव्हा योगराज उठला आणि कोपऱ्यातली चादर ओढली.

हर्षदा बघत राहिली. मग पुढे झाली, त्या आत गेलेल्या फळीवरून हात फिरवला, धोट्याची मूठ धरून पाहिली. दांडा तिच्या मांडीशी येत होता. ती त्याकडे बघून हसली की रडली मला समजलं नाही, आणि तिने सरळ जमिनीवर गुडघे टेकले. गुडघ्यांवर बसल्यावर उंची बरोबर आली. योगराजने बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, काचेवर खेळ सुरू झाला.

ती आमच्याकडे पाठ करून खेळायला लागली. हात अजून तसाच चालत होता. पिवळा दिवा लागत होता, विझत होता. योगराज तिच्या मागे उभा राहून दिव्याकडे बघत होता, मी काचेकडे. मी बारावा दोष शोधत होतो.

एकदम सुमनने माझा दंड हलवला. मी वळलो. उज्ज्वला योगराजच्या समोर जाऊन उभी राहिली होती आणि त्याला विचारत होती, "ती काय इचारी राह्यनी, ऐकं का तुम्ही? याना आवाज बंद काबर शे?"

"कसाना आवाज?" योगराज म्हणाला.

"गेमना."

योगराजने माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहिलं. मी अकरा दोष काढले होते, टॉर्च लावून. लक्ष्मणने, श्रीरंगने, सगळ्यांनी ती खेळून पाहिली होती. पेटीला आवाज नव्हता आणि आमच्यापैकी एकालाही त्याची उणीव भासली नव्हती.

पुढचं मला सुमनने नंतर सांगितलं, कारण आम्ही दोघंही लगेच पेटीच्या मागे जाऊन वाकलो होतो. हर्षदा खेळ सोडून उठली. आधी तिने बापाच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्या. मग ती दारापर्यंत चालत गेली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. तिथून तिने हाक मारली, पप्पा. कोणी वळलं नाही. मग म्हणाली, मावसा. कोणी वळलं नाही. मग ती आमच्या बोलीतलं 'येते' म्हणाली, "पप्पा, मी येस." आणि थांबली. सुमन म्हणते, आम्ही दोघं आत हात घालून एकमेकांना वायरी दाखवत होतो.

सुमनने मला खांदा धरून वळवलं. हर्षदा दारात उभी होती आणि तिचे गाल भिजलेले होते. अठरा वर्षं मी ओठ वाचले आहेत, तिचे वाचायला मला काही जड गेलं नाही.

"तव्हय बी मी इतलंच म्हणनू," ती म्हणत होती. "आठेच उभी राहीसन. तीन डाव म्हणनू. तुम्ही वळीसन देखं बी नही. माले वाटनं, तुम्हले माले ये म्हणानंच नही."

योगराजही वळला होता, पण ती खाली मान घालून बोलत होती आणि त्याला चेहरा नीट दिसत नव्हता. त्याने माझ्याकडे पाहिलं. कोणी काही विचारलं, काही अडलं की तो माझ्याकडेच बघतो, चार वर्षं मीच त्याला ती सवय लावली होती. या वेळीही मीच सांगायचं होतं. सुमन बघत होती, उज्ज्वला बघत होती. ज्या बाईला मी तिच्या पोरीबद्दल दहा ठिकाणी खाली बघायला लावलं, ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, ओठ दिसतील असा. "तव्हय ती येस म्हणनी व्हती," मी म्हणालो. "आपले ऐकू उनं नही."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्याने काय करावं? रडला नाही, पोरीला जवळ घेतलं नाही. परत पेटीमागे गेला, वाकला आणि त्या दोन वायरींची टेप दातांनी सोडवायला लागला. फिटर माणूस. हर्षदा डोळे पुसत त्याच्या शेजारी जाऊन बसली, लाल वायर कुठली आणि पांढरी कुठली ते तिने बोटाने दाखवलं. त्याने दोन्ही खोचल्या. उज्ज्वलाने आणि सुमनने एकदम कानांवर हात ठेवले, त्यावरून आम्हाला कळलं की आवाज आला. टीव्हीचा आवाज पूर्ण मोठा करून ठेवलेला होता. शेजारची बाई डोकावून गेली. हर्षदा हसायला लागली, योगराज तिचं तोंड बघून हसायला लागला, आणि दोघांनी मिळून आवाज कमी केला. कमी कुठपर्यंत करायचा ते तिने हाताने खुणावून सांगितलं. खात्यात खुणावतात तसं.

संध्याकाळपर्यंत ती खेळली. मध्ये बापाला बसवलं, तो दर खेपेला हरला. सव्वासहाला भूपेंद्रचा फोन आला, खाली उभा होता. तिने बॅग उचलली. या वेळी ती बापाच्या मागून गेली नाही. फिरून त्याच्यासमोर आली, दोन्ही हातांनी त्याचे हात धरले आणि तो तिच्या ओठांकडे बघतो आहे याची खात्री करून घेतली.

"पप्पा, मी येस."

"ये," योगराज म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज कमी-जास्त करता येत नाही. सगळ्या सोसायटीने ऐकलं असणार.

मी त्या वेळी पेटीसमोर बसलो होतो, दाराकडे पाठ करून. मला खेळायचं नव्हतं, पण तिच्यासमोर उभं राहायला मला तोंड नव्हतं. हातात ती कडक स्प्रिंगची मूठ धरून मी काचेत बघत राहिलो. काचेत माझ्या मागच्या साड्या हलताना दिसल्या, पावलं गेली असावीत. मी वळलो तेव्हा दार उघडं होतं.

ती निघताना मला काही म्हणाली की नाही, मला माहीत नाही. सुमनला माहीत असणार, पण मी तिला विचारलेलं नाही आणि तिने आपण होऊन सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी खात्यात लक्ष्मणने खुणेने विचारलं, भाची येऊन गेली का, काय बोलली? मी योगराजकडे बोट दाखवलं, त्याला विचार म्हणून, आणि ताका पुढे ओढला.